ओव्याने पोटातली कळ थांबते, ती नेमकी कशी?

गोरेगावची_मेघा

गेल्या मंगळवारची गोष्ट. सकाळी गोरेगावहून चर्चगेट गाडी पकडली आणि अंधेरी सुटते न सुटते तोच पोटात मुरडून कळ आली. दरदरून घाम फुटला. गर्दी इतकी की दारापर्यंत पोचायचीही सोय नाही. समोर बसलेल्या एका मावशींनी माझा चेहरा पाहिला, पर्समधून छोटी डबी काढली आणि माझ्या तळहातावर चिमूटभर ओवा-सैंधव ठेवलं. "चावून चावून खा, लगेच गिळू नको," एवढंच म्हणाल्या आणि उठून मला जागा दिली. दादर येईपर्यंत कळ ओसरली होती.

ओवा आपल्या सगळ्यांच्या घरात असतो. पण आत नेमकं काय घडलं, हा प्रश्न मला पहिल्यांदाच पडला. आई म्हणते वात सरला. भाचा बी.फार्म.ला आहे, तो म्हणतो ओवा अँटिस्पास्मोडिक आहे, आतड्याचा स्नायू सैल करतो. नवरा म्हणतो, बसायला मिळालं म्हणून बरं वाटलं, कळ तशीही गेलीच असती. तिघांपैकी कोणाचं खरं मानायचं?

विचारायला आणखी एक कारण आहे. कळ आली ती आदल्या रात्री घेतलेल्या चूर्णामुळे, असा माझा दाट संशय आहे. एका दुकानातून 'पोट साफ होण्यासाठी' म्हणून सुटं चूर्ण आणलं होतं. पुडीवर घटक लिहिलेले नाहीत. रात्री चमचाभर घेतलं आणि सकाळी ही अवस्था. म्हणजे एक झाडपाला आतडं पिळतो आणि दुसरा त्याला सोडवतो, असं असतं का? हे कोणी तपासलंय का, आणि तपासतात तरी कसं? माहीतगारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

परळकर

ओवा, हिंग, काळं मीठ. आमच्या चाळीत प्रत्येक घरात ही डबी असायची. मलाही याचं शास्त्र जाणून घ्यायचंय. वाचतोय.

ड्रमवाले_सर

मेघाताई, मी मुंबईतल्या एका फार्मसी कॉलेजात तीस वर्षं फार्माकॉलॉजीची प्रॅक्टिकल्स घेतली. त्यातला बराच काळ आतड्याच्या तुकड्यासमोर गेला, त्यामुळे थोडं लांबलं तर चालवून घ्या.

आतड्याचा तुकडा शरीराबाहेर काढला तरी लगेच मरत नाही. 37 अंशांच्या, योग्य ते क्षार आणि ग्लुकोज घातलेल्या द्रावणात टांगला आणि खालून हवेचे बुडबुडे सोडत राहिलं, की तो कित्येक तास आकसतो, सैल पडतो, औषधाला उत्तर देतो. रुडॉल्फ मॅग्नस या जर्मन शास्त्रज्ञाने 1904 मध्ये ही पद्धत बसवली. द्रावणात कोणते क्षार हवेत याचा शोध त्याआधी 1880 च्या दशकात लंडनला सिडनी रिंगर यांना लागला होता. नळाच्या पाण्यात केलेल्या द्रावणात बेडकाचं हृदय धडधडत राहायचं आणि ऊर्ध्वपातित पाण्यातल्या द्रावणात थांबायचं. फरक होता तो नळाच्या पाण्यातल्या कॅल्शियमचा. हे कॅल्शियम लक्षात ठेवा, ओव्याची सगळी गोष्ट पुढे त्याच्यावरच येते.

आमच्याकडे पूर्वी गिनिपिगचं इलियम, म्हणजे लहान आतड्याचा शेवटचा भाग वापरायचे. प्राण्यांवरची बंधनं वाढली तसं आम्ही कोंबडीचं इलियम वापरू लागलो. सकाळी चिकनवाल्याकडे थंड टायरोड द्रावणाची, म्हणजे वर सांगितलेल्या क्षार-ग्लुकोजच्या द्रावणाची बाटली घेऊन जायचं आणि आतडं त्यात बुडवून आणायचं. दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा कापायचा आणि आतून हलक्या हाताने धुवायचा. चिमट्याने ओढलात तर स्नायू दुखावतो आणि दिवस वाया जातो. तुकड्याचं एक टोक तळाशी अडकवायचं, दुसऱ्याला दोरा बांधायचा, दोरा लिव्हरला, म्हणजे तरफेला, आणि लिव्हरचं टोक ड्रमवर गुंडाळलेल्या, काजळी धरलेल्या कागदाला टेकलेलं. ड्रम सावकाश फिरतो. ॲसिटिलकोलीन, म्हणजे स्नायूला आकसायचा संदेश देणारं रसायन, घातलं की तुकडा आकसतो, लिव्हर उचललं जातं आणि काळ्या कागदावर पांढरी रेघ चढते. मग द्रावण बदलून वॉश द्यायचा, रेघ पुन्हा खाली. शेवटी कागद राळेच्या द्रावणातून काढून वाळवायचा, म्हणजे काजळी पक्की होते. पहिल्यांदा ती रेघ चढताना पाहून वर्गात जी शांतता पसरायची ती मी विसरू शकत नाही. आता बहुतेक मुलं हे संगणकावरच शिकतात. पुद्दुचेरीच्या जिपमर या वैद्यकीय संस्थेत तयार झालेली 'एक्सफार्म' नावाची प्रणाली त्यासाठीच आहे. प्राणी वाचले याचा मला मनापासून आनंद आहे.

गिनिपिगचं इलियम स्वस्थ लोंबकळत राहतं, काही घातलं तरच आकसतं. सशाचं जेजुनम, म्हणजे लहान आतड्याचा मधला भाग, मात्र कोणी न सांगता लयीत हलत असतं. म्हणून अर्क आतडं आकसवतो का हे गिनिपिगवर पाहायचं आणि सैल करतो का हे सशावर. हा ठेका देतात त्या स्नायूच्या थरांमधल्या काहालच्या पेशी. आपल्या जठरात तो मिनिटाला 3 वेळा पडतो, लहान आतड्याच्या सुरुवातीला 12 च्या आसपास आणि पुढे पुढे कमी होत जातो.

गोरेगावची_मेघा

सर, किती छान लिहिलंत! पण ओवा?

ड्रमवाले_सर

आलोच त्याच्याकडे. स्नायू आकसतो तो पेशीत कॅल्शियम शिरतं तेव्हा. शिरण्याचा एक दरवाजा पेशीच्या विद्युतभारावर उघडतो. बाथमध्ये, म्हणजे तुकडा टांगलेल्या द्रावणाच्या भांड्यात, पोटॅशियम क्लोराइड भरपूर घातलं की तो दरवाजा सताड उघडा पडतो आणि तुकडा आकसून राहतो. आता ओव्याचा अर्क घाला. तुकडा सैल पडला तर अर्काने तो दरवाजा लोटला असण्याची शक्यता मोठी. खात्री करायची तर द्रावणातलं कॅल्शियम काढून टाकायचं, मग थोडं थोडं परत घालत आकुंचन मोजायचं. अर्क असताना तेवढ्याच आकुंचनाला जास्त कॅल्शियम लागलं की संशय पक्का झाला. रक्तदाबासाठी देतात ते वेरापामिल याच मार्गाने चालतं. कराचीच्या आगा खान विद्यापीठात अन्वर-उल हसन गिलानी यांच्या गटाने ओव्यावर नेमकं हे केलं. 2005 साली ते प्रसिद्ध झालं आणि ओव्याचा अर्क वेरापामिलसारखाच वागताना दिसला.

तेव्हा भाचा बरोबर आहे, पण बाथपुरता. बाथमध्ये अर्क थेट स्नायूला भिडतो. अंधेरी ते दादर एवढ्या वेळात चिमूटभर ओवा मोठ्या आतड्यापर्यंत पोचत नाही. ओव्यातलं थायमॉल जठरात आणि वरच्या आतड्यात काम करेल, ढेकर येऊन ताण उतरेल, हे मला पटतं. पण तुमची कळ जर खालची असेल तर ती लाटेसारखी येऊन आपणच ओसरली असंही होऊ शकतं. यजमानांना खोडून काढता येईल इतका पुरावा माझ्याकडे नाही.

आता चूर्ण. पुडीत काय होतं ते पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही, पण रात्री घेतलं आणि सकाळी मुरडा, हे वेळापत्रक सोनामुखीचं आहे. तिच्यातले सेनोसाइड लहान आतड्यातून जसेच्या तसे पुढे जातात. मोठ्या आतड्यातले जिवाणू ते फोडून त्यांचं रीन-अँथ्रोन करतात आणि मग आतडं ढवळून निघतं. याला 6 ते 12 तास लागतात. आमच्या बाथमध्ये जिवाणूच नसतात, त्यामुळे सोनामुखीची खरी करामत तिथे दिसणारच नाही. माझ्या विद्यार्थ्यांना मी हे दरवर्षी सांगायचो. बाथमध्ये सैल पडलं म्हणून पोटात सैल पडेलच असं नाही, आणि बाथमध्ये काही झालं नाही म्हणून वनस्पती निरुपयोगी ठरत नाही.

वैद्या_शिवडी

सरांनी सांगितलेलं वाचताना शार्ङ्गधर संहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथातलं वर्गीकरण आठवत होतं. तिथे आतड्यावर काम करणाऱ्या द्रव्यांना एकाच टोपलीत टाकलेलं नाही. हिरडा अनुलोमन, बहाव्याचा मगज स्रंसन, कुटकी भेदन, निशोत्तर रेचन. उलट बाजूला सुंठ आणि जिरं ग्राही, कुडा स्तंभन. मल पक्व करून खाली सरकवणारं वेगळं, न पचलेला तसाच बाहेर ढकलणारं वेगळं, बांधून ठेवणारं वेगळं. रुग्णाला 'पोटाचं औषध' हवं असतं. आमचं काम असतं यातलं कोणतं हवं ते ठरवण्याचं.

हिरड्यावर आपल्या परळच्या केईएम रुग्णालयात काम झालंय. डॉ. शरदिनी डहाणूकर आणि सहकाऱ्यांनी उंदरांना हिरडा खाऊ घालून जठर किती लवकर रिकामं होतं ते मोजलं. 1997 मध्ये ते छापून आलं. जठर लवकर रिकामं झालं. हा प्रयोग मला महत्त्वाचा वाटतो तो अशासाठी की औषध तोंडावाटे दिलं होतं, जसं आपण घेतो.

मेघाताई, सुट्या चूर्णाची पुडी घटक न विचारता घेऊ नका. आमच्याकडे येणाऱ्यांत वर्षानुवर्षं रोज रेचक घेऊन त्याच्याशिवाय चालेनासं झालेले पुष्कळ असतात. खूप वाईट वाटतं, कारण सुरुवात एका पुडीनेच झालेली असते.

दादरचा_जीवशास्त्रवाला

कुड्याचा उल्लेख आला म्हणून. जुलाब थांबवणारं प्रत्येक औषध स्नायूवरच काम करतं असं समजू नये. वरळीच्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्चमध्ये कच्च्या बेलफळाच्या काढ्यावर फार सुंदर काम झालं, 2009 मध्ये प्रसिद्ध झालं. काढ्याने जिवाणू फारसे मेले नाहीत. पण आतड्याच्या पेशींना चिकटण्याची आणि आत शिरण्याची त्यांची ताकद कमी झाली, शिवाय कॉलऱ्याच्या विषावरही परिणाम दिसला. फक्त 'जिवाणू मरतात का' एवढंच पाहिलं असतं तर बेल नापास झाला असता. बाथमध्ये टांगून स्नायू पाहिला असता तरी त्याचं हे काम हाती लागलं नसतं.

कुड्याचं उलटंच. गिलानींच्या गटाने त्याचाही अर्क तपासला. गिनिपिगच्या इलियमवर तो आकुंचन घडवतो, सशाच्या जेजुनमवर सैल करतो. इसबगोलमध्येही त्यांना अशीच दोन्ही अंगं सापडली. बद्धकोष्ठालाही इसबगोल आणि जुलाबालाही इसबगोल, हे आपल्याकडे घरोघरी चालतं, त्यामागे फक्त पाणी धरून ठेवणारा चिकट कोंडा नसून आणखीही काही असावं.

परळकर

सर, अफूबद्दल सांगाल का? माझी आजी गिरणीत होती. बाळांना 'बाळगोळी' देऊन बायका पाळीला जायच्या असं ती सांगायची. गोळीत अफू. मूल दिवसभर झोपून राहायचं, जुलाबही व्हायचे नाहीत. 1920 च्या दशकात मुंबईतल्या गिरणी कामगार स्त्रियांची पाहणी झाली, तिच्यातही या गोळ्यांची नोंद आहे. आजी हे सांगताना रडायची. तिचं एक मूल गेलं होतं, आणि गोळीनेच गेलं का हे तिला कधीच कळलं नाही.

ड्रमवाले_सर

परळकर, तुमच्या आजीबद्दल वाचून गलबलून आलं. त्या बायकांपुढे दुसरा इलाज काय होता? पाळणाघरं नव्हती, पाळी चुकवता येत नव्हती.

अफूने आतडं सैल पडतं असा समज आहे. अफूतल्या मॉर्फिनने होतं ते वेगळंच. आतड्याच्या भिंतीतल्या मज्जातंतूंच्या जाळ्यातून संदेश सुटणं कमी होतं, पुढे ढकलणाऱ्या लाटा थांबतात आणि त्याच वेळी स्नायूचा ताण मात्र वाढतो. आतडं घट्ट होऊन जागच्या जागी राहतं. त्यातून बद्धकोष्ठ. मात्रा जरा वाढली की श्वास मंदावतो, आणि बाळाला ती वाढलेली मात्रा फारच लवकर गाठते.

गंमत अशी की त्याच अफूत पापाव्हरिन आहे, 1848 मध्ये गेओर्ग मर्क यांनी वेगळं केलेलं. ते स्नायू खरोखर सैल करतं आणि त्याला नशा नाही. आज पोटदुखीसाठी डॉक्टर ड्रोटाव्हरिन लिहून देतात ते त्याच घराण्यातलं. धोतऱ्यात ॲट्रोपिन आणि हायोसीन असतं, ते ॲसिटिलकोलीनची जागाच अडवून बसतं. हायोसीनला थोडं बदलून मेंदूत सहज न शिरणारं औषध केलं, तेही पोटाच्या कळेसाठी वापरतात. धोतरा मात्र घरी कोणी हातात घेऊ नये. किती बियांत किती विष आहे ते झाडागणिक बदलतं.

नवी_आई_मुलुंड

बाळगोळीचं वाचून छातीत धस्स झालं. माझं बाळ अडीच महिन्यांचं आहे. रोज संध्याकाळी पाय पोटाशी घेऊन तास-दोन तास रडतं. सासूबाई बाळघुटी उगाळायची म्हणतात. मुरडशेंग, वेखंड, जायफळ, बाळहिरडा, सुंठ, ज्येष्ठमध असं सगळं सहाणेवर. त्यांचा जीव बाळावर आहे, मला त्यांना दुखवायचं नाही. मुरडशेंगेने खरंच मुरडा थांबतो का?

पोटविकार_डॉक्टर

ताई, मुरडशेंगेच्या अर्काने सुट्या आतड्याचं आकुंचन कमी झाल्याची नोंद आहे, वेखंडाचीही आहे. शेंगेचा पीळ पाहून नाव पडलं असेल, पण गुण अगदीच काल्पनिक नाही. तरीही अडीच महिन्यांच्या बाळाला घुटी नको. सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही. सहाण, पाणी आणि बोट यांतून जंतू जातात. उगाळताना किती वेढे आणि त्यातून किती औषध उतरलं याला माप नाही. वेखंडातल्या बीटा-ॲसारोनने उंदरांमध्ये गाठी झाल्या, म्हणून अमेरिकेने 1968 मध्ये ते खाद्यपदार्थांत बंद केलं. जायफळ जास्त झालं तर बाळ सुस्त होतं, आणि सुस्त बाळ पाहून घरच्यांना वाटतं की आराम पडला.

संध्याकाळचं हे रडणं बहुतेक बाळांत तीन-चार महिन्यांनंतर कमी होतं. उभं धरा, ढेकर काढा, पोटावर हलका हात फिरवा. हात फिरवायचं काम सासूबाईंना द्या. ताप, हिरवी उलटी, शौचात रक्त किंवा दूध पिणं कमी झालं, तर वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांकडे.

मोठ्यांसाठीही सांगतो, कारण माझ्याकडे उशिरा आलेले रुग्ण पाहून जीव तुटतो. बेंबीजवळ सुरू झालेलं दुखणं उजवीकडे खाली सरकलं, तर चूर्ण नाही, ओवा नाही, थेट रुग्णालय. पोट फुगलंय, उलट्या होतायत, वाराही सरत नाही, अशा वेळी आतडं हलवणारं काही घेतलं तर जीवावर बेतू शकतं. तापाबरोबर रक्ताचे जुलाब असतील तर आतडं थोपवणारं औषध घेऊ नका. साध्या जुलाबात आधी ओआरएस, लहान मुलांना डॉक्टरांच्या सल्ल्याने झिंक. पन्नाशीनंतर शौचाची सवय अचानक बदलली किंवा वजन घटू लागलं तर तपासून घ्या.

वनस्पतीवर माझा राग नाही. चिडचिड्या आतड्याच्या रुग्णांना मी पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूल देतो. मेन्थॉलही कॅल्शियमच्या त्याच दरवाजावर काम करतं. पण कॅप्सूलला जठरात न विरघळणारं आवरण लागतं. नाहीतर ते अन्ननलिकेच्या खालची झडपही सैल करतं आणि छातीत जळजळ होते. स्नायू कुठला सैल करायचा हे औषधाला आपण सांगावं लागतं.

नवी_आई_मुलुंड

सासूबाईंना तुमचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. वेखंडाचं ऐकून त्या गप्प झाल्या, मग म्हणाल्या, मालिश मी करते. खूप आभार.

एम_फार्म_दुसरं_वर्ष

ड्रमवाले सर, मी अडकलेय. प्रबंधासाठी एका पानाचा जलीय अर्क कोंबडीच्या इलियमवर लावतेय. वनस्पतीचं नाव गाइडना विचारल्याशिवाय लिहीत नाही. आकुंचन झकास येतं, मात्रा वाढवली की वाढतं. पण ॲट्रोपिन देऊनही फारसं कमी होत नाही, हिस्टामिन अडवणारं मेपिरामिन देऊनही नाही. वेरापामिल दिलं की साफ बंद. नवीनच काही मार्ग सापडला असं वाटून दोन रात्री झोप लागली नाही.

ड्रमवाले_सर

आधी एक साधी शंका दूर कर. पानात पोटॅशियम भरपूर असतं आणि जलीय अर्कात ते सगळं उतरतं. तू सांगतेस ती सगळी लक्षणं पोटॅशियमचीही आहेत. अर्काची राख कर. वनस्पतीतलं औषध जळून जाईल, पोटॅशियम मागे राहील. ती राख तेवढ्याच पाण्यात घेऊन तेवढीच मात्रा बाथमध्ये घाल. राख अल्कधर्मी असते, तेव्हा पीएच जुळवून घ्यायला विसरू नकोस. फ्लेम फोटोमीटर असेल तर पोटॅशियम मोजून घे. आणि पुढे अल्कोहोली अर्क करशील तेव्हा नुसत्या अल्कोहोलची तेवढीच मात्रा वेगळी तपास, तेही आतडं सैल करतं. यात चुकलेले मोठमोठे लोक मी पाहिलेत, तेव्हा लाज वाटून घेऊ नकोस.

गोरेगावची_मेघा

इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. पुडी घेऊन दुकानात गेले होते. घटक सांगायला तयार नाहीत, "सगळं आयुर्वेदिक आहे" एवढंच. पुडी टाकून दिली. मावशी अजून पुन्हा भेटल्या नाहीत, डब्यात रोज शोधतेय.

एम_फार्म_दुसरं_वर्ष

सर, राख केली. पीएच 7.4 ला आणला. अर्काइतकीच रेघ चढली, दोन्ही ट्रेसिंग एकमेकांवर ठेवली तर फरक कळत नाही. सकाळी खूप रडले. मग गाइडच्या परवानगीने अर्क ब्युटॅनॉलने वेगळा काढला, त्यात पोटॅशियम जवळपास नाही. तो सशाच्या जेजुनमवर लावून मिळाला, दुसऱ्या एका प्रयोगशाळेत परवानगी असलेला प्रयोग चालू होता तिथे. हळूहळू सैल करतोय. म्हणजे मी जे सहा महिने मोजत होते त्याच्या बरोबर उलट.

ड्रमवाले_सर

राखेची ट्रेसिंग फेकू नकोस. प्रबंधात पहिली तीच घाल. आता कॅल्शियम काढून बघ.